वाईच्या घरातला टू-वे ऑडिओ: तीन कॅमेरे आणि एका दुकानाची सेवा

माझी आई ७८ वर्षांची असून वाईला आमच्या जुन्या घरात एकटी राहते आणि मी पुण्यात राहते. गेल्या वर्षभरात तिच्या घरात आम्ही तीन कॅमेरे बसवले. त्यांतला एक काढून टाकला, एक केवळ पाहण्यापुरता ठेवला आणि तिसऱ्यावरून आज आमचे रोज नीट बोलणे होते. चोरीची भीती हे कॅमेरे घेण्याचे कारण नव्हते. मागच्या पावसाळ्यात आई मागीलदारी घसरून पडली, तेव्हा तिला उठून फोनपर्यंत जायला पाऊण तास लागला आणि त्या पाऊण तासात मी तिला चार वेळा फोन केला होता. मोबाइल आतल्या खोलीत चार्जिंगला लावलेला होता. तिने काहीही न दाबता, कुठेही न जाता माझा आवाज तिच्यापर्यंत पोहोचावा आणि तिचा माझ्यापर्यंत यावा, एवढीच माझी गरज होती. ‘टू-वे ऑडिओ’ हे शब्द खोक्यावर पाहून ती गरज भागली असे मी समजले, आणि ते शब्द प्रत्यक्षात उतरायला पुढचे चार महिने गेले.

म्हणून या परीक्षणात चित्राच्या स्पष्टतेविषयी मी जवळजवळ काहीच लिहिणार नाही. तिन्ही कॅमेऱ्यांचे चित्र आमच्या कामापुरते चांगले होते. मी लिहिणार आहे ते आवाजाविषयी, आणि तेही शक्यतो आईच्या बाजूने, कारण कॅमेरा विकत घेणारी आणि ॲप वापरणारी मी असले तरी स्पीकरमधून येणारा आवाज ऐकून त्याला उत्तर द्यायचे असते ते तिने. ऑनलाइन वाचलेल्या बहुतेक अभिप्रायांत ही बाजू मला सापडली नाही. ‘आवाज छान येतो’ असे लिहिणाऱ्याने बहुधा स्वतःच्या फोनवर ऐकलेल्या आवाजाबद्दल लिहिलेले असते.

पहिला कॅमेरा माजघरात ठेवण्याचा, मान फिरवणारा, वाय-फायवर चालणारा, अडीच हजारांच्या आसपासचा होता. दुसरा फाटकावर नजर ठेवणारा, भिंतीवर बसवायचा लांबट बुलेट कॅमेरा. तो गावातल्या एका दुकानाने चित्रण साठवणाऱ्या रेकॉर्डरसह बसवून दिला आणि त्याला नेटवर्कच्या केबलमधूनच वीज मिळते. तिसरा पहिल्याच्या जागी आला. दुकानाचे आणि तिन्ही कंपन्यांचे नाव मी देत नाही, कारण ज्या अडचणी आल्या त्यांतल्या बऱ्याचशा एका विशिष्ट नावाच्या नसून या किमतीच्या सगळ्याच उपकरणांत कमी-अधिक प्रमाणात आढळणाऱ्या आहेत, आणि वाचणाऱ्याने नाव पाहून घेण्यापेक्षा या अडचणी ओळखून घ्यावे असे मला वाटते.

फाटकाच्या कॅमेऱ्यापासून सुरुवात करते, कारण तिथे झालेली चूक सर्वांत साधी आणि सर्वांत महाग होती. दुकानदाराने कोटेशनवर ‘ऑडिओ सपोर्ट’ असे लिहिले होते आणि मी ते वाचून समाधानी झाले होते. या शब्दाचे निदान तीन वेगवेगळे अर्थ होतात. काही कॅमेऱ्यांत फक्त माइक असतो, म्हणजे तिकडचे ऐकू येते पण बोलता येत नाही. काहींत माइक आणि स्पीकर दोन्ही अंगचे असतात. आणि काहींना यातले काहीच नसते, पण मागे ऑडिओ-इन आणि ऑडिओ-आउट अशा दोन वायरी बाहेर काढलेल्या असतात, ज्यांना बाहेरून माइक आणि स्पीकर जोडावा लागतो. आमचा बुलेट कॅमेरा पहिल्या प्रकारचा निघाला. माहितीपत्रकात ‘स्पीकर’ हा शब्द स्वतंत्रपणे लिहिलेला आहे का, हे पाहिल्याशिवाय आणि शक्य असल्यास दुकानातच त्यातून निघणारा आवाज ऐकल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

मात्र हे मला लगेच कळले नाही, कारण ॲपमध्ये त्या कॅमेऱ्याच्या चित्राखाली माइकचे चिन्ह दिसत होते, ते दाबता येत होते आणि दाबल्यावर ‘बोला’ अशी सूचनाही येत होती. दोन दिवस मी फाटकाशी येणाऱ्या माणसांशी त्यातून बोलण्याचा प्रयत्न केला आणि कोणीही मान वर करून पाहिले नाही. तंत्रज्ञ पुन्हा आला तेव्हा उलगडा झाला. रेकॉर्डर असलेल्या व्यवस्थेत बोलण्याचे दोन मार्ग असतात: एक रेकॉर्डरशी आणि दुसरा त्याला जोडलेल्या विशिष्ट कॅमेऱ्याशी. माझा आवाज रेकॉर्डरकडे जात होता, म्हणजे आईच्या कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलेल्या यंत्राच्या मागच्या ऑडिओ-आउट भोकापर्यंत, ज्याला काहीही जोडलेले नव्हते. अनेक ॲपमध्ये हा पर्याय बोलण्याचे बटण दाबल्यावर विचारला जातो किंवा सेटिंगमध्ये दडलेला असतो, आणि कॅमेऱ्याला खरोखर स्पीकर असेल तर तो पर्याय बदलल्याबरोबर काम होते. केबल टीव्हीसारख्या जुन्या कोॲक्सियल वायरच्या डीव्हीआर (म्हणजे रेकॉर्डरच्या) पद्धतीत तर बहुधा बोलणे फक्त रेकॉर्डरपर्यंतच पोहोचते, त्यामुळे ज्यांच्याकडे ती व्यवस्था आहे त्यांनी कॅमेऱ्यातून बोलता येईल असे गृहीत धरू नये.

याच फाटकाच्या कॅमेऱ्यावर आधी काही ऐकूही येत नव्हते, त्याचे कारण त्याहून क्षुल्लक निघाले. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये प्रवाहाचा, म्हणजे कॅमेऱ्यातून येणाऱ्या स्ट्रीमचा, प्रकार ‘फक्त व्हिडिओ’ असा निवडलेला होता आणि तो ‘व्हिडिओ व ऑडिओ’ असा करायचा होता. मुख्य आणि दुय्यम असे दोन प्रवाह असतात आणि फोनवर बहुधा दुय्यम प्रवाह दिसतो, म्हणून हा बदल दोन्ही ठिकाणी करावा लागतो. तंत्रज्ञाने तो फक्त मुख्य प्रवाहात केला होता.

आता माजघरातल्या पहिल्या कॅमेऱ्याकडे येते. त्याला माइक आणि स्पीकर दोन्ही होते आणि दुकानाच्या माणसाने बसवताक्षणी मला फोनवर बोलून दाखवायला सांगितले. मी त्या वेळी त्याच खोलीत उभी होते. फोनमधून आणि कॅमेऱ्यातून आवाज एकमेकांत शिरून कर्कश शिट्टी वाजू लागली, आई कानांवर हात ठेवून बाहेर गेली आणि तंत्रज्ञ म्हणाला, “आजी, हे जवळ असल्यामुळे होतंय, लांबून बोललं की एकदम क्लिअर येईल.” त्याचे म्हणणे अर्धे खरे होते. फोन आणि कॅमेरा एकाच खोलीत असतील तर एकाचा स्पीकर दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरणारच, त्यामुळे अशी चाचणी काहीच सिद्ध करत नाही, ना दोष ना गुण. चाचणी करायची असेल तर फोन घेऊन रस्त्याच्या कडेला जावे, वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर यावे आणि घरातल्या माणसाला विचारावे. बसवणाऱ्याने हे करून दाखवले नाही, तर ते आपण त्याच्यासमोर करावे आणि मगच शेवटचा हप्ता द्यावा.

पुण्याला परतल्यावर पहिल्या संध्याकाळी मी आईशी बोलले, तेव्हा आमच्या बोलण्याचे तुकडे होऊ लागले. मी म्हणाले, “आई, जेवलीस का?” आणि बटण सोडून वाट पाहिली, काहीच आले नाही म्हणून पुन्हा तोच प्रश्न विचारला, त्याच वेळी तिचे “हो, आत्ताच” हे उत्तर येत होते आणि माझ्या बटणाने ते गिळले. हा कॅमेरा एका वेळी एकाच बाजूचे बोलणे नेणारा होता. पोलिसांच्या वॉकी-टॉकीप्रमाणे बटण दाबून धरले की आपले बोलणे जाते आणि तेवढा वेळ पलीकडचा माइक बंद होतो. स्वस्त कॅमेऱ्यांत असे करण्यामागे कारण आहे: स्पीकर आणि माइक एकमेकांपासून दोन-तीन इंचांवर असतात आणि दोन्ही एकदम चालू ठेवायचे तर स्पीकरचा आवाज माइकमधून वजा करणारे, म्हणजे प्रतिध्वनी रद्द करणारे गणित कॅमेऱ्याच्या आत सतत चालावे लागते. ज्या कॅमेऱ्यांत ते आहे, त्यांच्या ॲपमध्ये अनेकदा ‘फोन कॉलसारखा’ असा वेगळा पर्याय दिसतो. जिथे तो नाही, तिथे एकच उपाय आहे, आणि आम्ही तो महिनाभर पाळला: प्रत्येक वाक्याच्या शेवटी मी “बोल” म्हणायचे आणि आईने तो शब्द ऐकल्यावरच बोलायचे. ती हे शिकली. पण तिला शिकावे लागले, ही त्या उपकरणाची उणीव आहे आणि ती मी तिच्या खात्यावर टाकणार नाही.

दुसरी अडचण विलंबाची. ती मोजण्याची एक घरगुती रीत मला सुचली आणि ती कोणालाही करता येईल. मी ‘एक’ म्हणायचे, ते ऐकू येताच आईने ‘दोन’ म्हणायचे, मग मी ‘तीन’, असे वीसपर्यंत मोजायचे आणि घड्याळात वेळ पाहायची. साध्या फोनवर आम्हाला १८ सेकंद लागले. पहिल्या कॅमेऱ्यावर, बटण दाबण्या-सोडण्यासह, ४५ सेकंद लागले, म्हणजे प्रत्येक आकड्यामागे सव्वा सेकंदाहून अधिक वेळ वाया जात होता. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची जी.११४ ही शिफारस असे सांगते की एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर संभाषण सहज चालते आणि ४०० मिलिसेकंदांच्या पुढे तो जाऊ नये. आमचा विलंब या वरच्या मर्यादेच्या तिप्पट होता. आपले बोलणे पोहोचले नाही असे समजून माणूस तेच पुन्हा म्हणतो, आणि दोन्ही बाजूंनी ते होऊ लागले की संभाषण मोडते. आई त्या महिन्यात मला दोनदा म्हणाली, “तुझं लक्ष नसतं माझ्या बोलण्याकडे.” माझे लक्ष होते, तिचे बोलणे मात्र मधल्या वाटेत अडकलेले असे.

हा विलंब कुठून येतो, हे समजून घ्यायला मला बराच वेळ लागला. वाईचे फायबर कनेक्शन आणि माझा मोबाइल डेटा हे दोन्ही सेवा देणाऱ्या कंपनीच्या सामायिक पत्त्यामागे आहेत, म्हणजे अनेक ग्राहकांना मिळून इंटरनेटवरचा एकच पत्ता आहे. राउटरला मिळालेला आयपी पत्ता १०० आकड्याने सुरू होत असेल आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ यांच्या दरम्यान असेल, तर तो २०१२ साली खास याच कामासाठी राखून ठेवलेल्या पत्त्यांपैकी असतो आणि बाहेरून थेट तिथे पोहोचता येत नाही. कॅमेरा आणि फोन यांची थेट गाठ पडली नाही, की कंपनीचा दूरचा सर्व्हर मध्यस्थ होतो आणि प्रत्येक शब्द त्या सर्व्हरला वळसा घालून येतो. त्यात वाय-फायची भर पडते. आमच्या माजघराच्या भिंती दगडी आणि दोन फुटांहून जाड असून राउटर ओटीवर होता. चित्र अशा वेळी थोडे अडखळले तरी डोळा ते सोसतो, पण आवाजाचा मधला तुकडा गेला तर शब्दच जातो. राउटर माजघराच्या दारात आणून, २.४ गिगाहर्ट्झवरची वाय-फायची वाहिनी (चॅनेल) आपोआप निवडू न देता १, ६ आणि ११ यांपैकी शेजाऱ्यांची गर्दी नसलेली ठरवून दिल्यावर तुटणे थांबले. विलंब मात्र राहिला, आणि तो पहिल्या कॅमेऱ्यात शेवटपर्यंत गेला नाही, कारण तो कॅमेरा त्याच्या कंपनीच्या ॲपखेरीज कोणाशीच बोलायला तयार नव्हता.

म्हणून तिसरा कॅमेरा निवडताना मी एकच अट ठेवली, की त्याने बोलण्याची सोय खुल्या पद्धतीने दिलेली असावी. २००८ साली ॲक्सिस, बॉश आणि सोनी या कंपन्यांनी मिळून ऑनव्हिफ नावाची संस्था सुरू केली, जेणेकरून एका कंपनीचा कॅमेरा दुसऱ्या कंपनीच्या रेकॉर्डरशी जुळावा. तिच्या नियमांचे वेगवेगळे संच आहेत आणि त्यांना प्रोफाइल म्हणतात. पुष्कळ कॅमेऱ्यांवर ‘ऑनव्हिफ’ एवढेच छापलेले असते आणि आत जुने प्रोफाइल एस असते, ज्यावर चित्र आणि बहुधा तिकडचा आवाज मिळतो. आपला आवाज कॅमेऱ्याकडे परत पाठवण्याची ठरलेली वाट प्रोफाइल टी या संचात आहे आणि तो २०१८ साली आला. त्यातही एक बारकावा आहे: ज्या कॅमेऱ्याला स्पीकरची सोय आहे त्याने ती या वाटेने द्यावी, एवढेच तो नियम म्हणतो, प्रत्येक कॅमेऱ्याला स्पीकर असलाच पाहिजे असे म्हणत नाही. त्यामुळे प्रोफाइल टी आणि स्पीकर, या दोन्ही गोष्टी माहितीपत्रकात वेगवेगळ्या शोधाव्या लागतात. व्हीएलसी या व्हिडिओ दाखवणाऱ्या कार्यक्रमात कॅमेऱ्याच्या प्रवाहाचा (आरटीएसपी) पत्ता टाकून कॅमेऱ्याचा आवाज ऐकू आला म्हणजे टू-वे ऑडिओ चालतो, असाही अनेकांचा समज असतो; व्हीएलसी फक्त ऐकते, परतीची वाट तपासत नाही.

हा तिसरा कॅमेरा साडेचार हजारांच्या पुढे गेला. त्याच्या कंपनीच्या ॲपवरच आमची वीस आकड्यांची मोजणी २७ सेकंदांवर आली आणि दोघींना एकाच वेळी बोलता येऊ लागले. ज्यांना यापुढच्या खटाटोपात पडायचे नाही, त्यांनी इथे थांबले तरी चालेल. मी थांबले नाही, कारण वाईच्या घरात आधीच एक रास्पबेरी पाय, म्हणजे तळहाताएवढा संगणक, होता आणि त्यावर घरातली उपकरणे एकत्र चालवणारे होम असिस्टंट हे सॉफ्टवेअर चालत होते.

होम असिस्टंटमध्ये २०२४ च्या नोव्हेंबरपासून गो-टू-आरटीसी हा मुक्त-स्रोत संगणक-कार्यक्रम अंगभूत आला आहे. कॅमेऱ्याचा प्रवाह घेऊन तो ब्राउझरला समजेल अशा वेबआरटीसी पद्धतीने देणे हे त्याचे काम, आणि परतीच्या आवाजाची वाट ज्या कॅमेऱ्यांत खुली आहे त्यांच्याकडे तो आपले बोलणेही पोहोचवतो. या कार्यक्रमाबद्दल माझे मत अतिशय चांगले आहे. तो रास्पबेरी पायवर फारसा भार न टाकता चालतो आणि एका कॅमेऱ्यासाठी चार-पाच ओळींची मांडणी पुरते. पण तीन ठिकाणी मी अडकले. पहिले म्हणजे, तिकडचा आवाजच ब्राउझरमध्ये येईना. कॅमेरा आवाज एएसी या स्वरूपात पाठवत होता, आणि वेबआरटीसीमध्ये ब्राउझर ओपस आणि जी.७११ ही स्वरूपे घेतात, एएसी घेत नाहीत. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ऑडिओ जी.७११ए असा केल्याबरोबर तो आला. जी.७११ चे दोन पोटप्रकार आहेत, भारतात आणि युरोपात चालणारा ए-लॉ आणि अमेरिकेत व जपानमध्ये चालणारा म्यू-लॉ. एकाने पाठवलेला आवाज दुसऱ्या पद्धतीने वाचला गेला तर बोलणे खरखरीत आणि फाटलेले ऐकू येते, त्यामुळे तसे झाल्यास स्पीकर खराब आहे असे समजण्याआधी ही निवड तपासावी.

दुसरी अडचण अशी, की ऐकू येत असूनही बोलण्याचे बटण निर्जीव होते. मी कॅमेऱ्याला, कार्यक्रमाला आणि स्वतःच्या फोनला दोष देत दोन रात्री घालवल्या. ब्राउझर मायक्रोफोन फक्त सुरक्षित जोडणीवर, म्हणजे एचटीटीपीएस असलेल्या पत्त्यावरच उघडू देतात, आणि मी घरातल्या साध्या आयपी पत्त्यावरून जात होते. ही अट आपल्या भल्याची आहे, पण त्याची सूचना कुठेही ठळकपणे दिसत नाही. तिसरी अडचण बाहेरून पोहोचण्याची. सामायिक पत्त्यामुळे राउटरवर बाहेरच्यांसाठी दार उघडून देण्याचा (पोर्ट फॉरवर्डिंगचा) जुना उपाय आमच्याकडे चालण्यासारखा नव्हता, आणि माइक असलेले यंत्र उघड्या इंटरनेटवर ठेवणे मला मान्यही नव्हते. टेलस्केल या सेवेने हे दोन्ही प्रश्न एकदम सुटले: वाईचा रास्पबेरी पाय आणि माझा फोन एकाच खासगी जाळ्यात आले आणि एचटीटीपीएसचे प्रमाणपत्रही तिथूनच मिळाले. एवढे करून, होम असिस्टंटच्या नेहमीच्या कार्डात, म्हणजे पडद्यावर कॅमेरा दाखवणाऱ्या चौकटीत, माइकचे बटण नसल्यामुळे, मी ॲडव्हान्स्ड कॅमेरा कार्ड हे वेगळे कार्ड बसवले. त्या रात्री वीसपर्यंतची मोजणी २२ सेकंदांत झाली. साध्या फोनपेक्षा प्रत्येक आकड्यामागे फक्त एक पंचमांश सेकंद अधिक. आईला यातले काही ठाऊक नव्हते, पण ती म्हणाली, “आज तू जवळून बोलतेयस.”

आवाजाच्या दर्जाविषयी मात्र कोणत्याही खटाटोपाने न सुटणारी एक गोष्ट आहे आणि ती वडीलधाऱ्यांसाठी कॅमेरा घेणाऱ्यांनी आवर्जून लक्षात घ्यावी. जी.७११ मध्ये आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात, त्यामुळे ४,००० हर्ट्झच्या वरचे काहीच पलीकडे जात नाही. मराठीतल्या ‘स’ची बरीचशी शक्ती त्याच्या वर असते. वयानुसार ऐकू येणे कमी होते तेही आधी उंच पट्टीतलेच. म्हणजे कॅमेरा जे कापतो आणि कान जे गमावतो, ते एकाच बाजूचे आहे. ‘गोळी सात वाजता घे’ हे आईने ‘आठ वाजता’ असे ऐकले आणि तसेच केले, तेव्हा मला हे नीट समजले. आता मी आकडे एकटे सांगत नाही. “दिवेलागणीला, सात वाजता, सहानंतरचे सात” असे म्हणते, शब्द सावकाश आणि शेवटपर्यंत उच्चारते. तिच्या कानाच्या डॉक्टरांकडे आम्ही जाऊन आलो, हे त्या गोळीमुळेच घडले.

स्पीकरचा आवाज पूर्ण वाढवल्याने फायदा होतो असेही नाही. ही रुपयाच्या नाण्याएवढी चकती असते. शंभर टक्क्यांवर ती फाटू लागते आणि शब्द अधिकच अस्पष्ट होतात. आमच्याकडे ऐंशीच्या आसपास ती सर्वांत स्वच्छ बोलते. याहून मोठा फरक जागेने पडला. दुकानाच्या माणसाने कॅमेरा तुळईजवळ, नऊ फुटांवर लावला होता, कारण तिथून सगळी खोली दिसते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे सहा डेसिबलने उतरतो, आणि शहाबादी फरशीच्या उघड्या खोलीत तर त्यावर घुमण्याची भर पडते. आम्ही तो खाली आणला, देवघराशेजारच्या कोनाड्यात, आईच्या खुर्चीपासून साडेचार फुटांवर आणि तिच्या चेहऱ्याच्या उंचीला. खोलीचा एक कोपरा आता दिसत नाही. त्याचे मला काही वाटत नाही. पंखा माइकच्या थेट समोर येत होता, त्यामुळे मला तिचे बोलणे वाऱ्यात बोलल्यासारखे ऐकू येई. कॅमेरा पंख्याच्या झोताबाहेर घेतल्यावर आणि सेटिंगमधला आवाजशुद्धीचा पर्याय चालू केल्यावर तेही बरेच कमी झाले.

विजेचा प्रश्न थोडक्यात सांगते. वीज गेली की कॅमेऱ्याबरोबर राउटर आणि फायबरची पेटी दोन्ही बंद पडतात, आणि आई एकटी असताना बोलण्याची सर्वांत जास्त गरज तेव्हाच असते. राउटरसाठी मिळणारा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस या तिघांना पुरत नाही, म्हणून आम्ही घरच्या इन्व्हर्टरची एक जोडणी त्या कोपऱ्यात आणली.

आता दुकानाच्या सेवेविषयी. वायरिंगचे काम मला मनापासून आवडले. जुन्या भिंतीला कुठेही विनाकारण भोक न पाडता त्यांनी केबल पाइपमधून नेली, फाटकाजवळचा जोड पाण्यापासून सुरक्षित केला आणि एका पावसाळ्यानंतरही तो शाबूत आहे. बोलावल्यावर तीन वेळा माणूस आला आणि आईशी आदराने वागला. पण एक गोष्ट अशी घडली की जिच्यामुळे मी त्यांची शिफारस करू शकत नाही. दोन्ही कॅमेरे त्यांनी स्वतःच्या खात्यावर नोंदवले होते आणि मला तिथून वाटा दिला होता. सात आठवड्यांनी, ॲपमध्ये मालकाच्या जागी दुसराच क्रमांक पाहिल्यावर हे मला समजले. म्हणजे इतके दिवस माझ्या आईच्या माजघरातले बोलणे ऐकण्याची, इतकेच नाही तर तिच्याशी बोलण्याची सोय एका अनोळखी माणसाच्या फोनवर होती. विचारल्यावर दुकानदार म्हणाले, “मॅडम, आम्ही सगळ्यांचं असंच करतो, नंतर सर्व्हिसला सोपं जातं.” त्यांचा हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही. पण हे त्यांनी सगळ्यांचे असेच केले असेल, तर वाईतल्या कितीतरी घरांचे आवाज त्यांच्या खात्यात असतील आणि त्या घरांना ते ठाऊक नसेल. मी त्यांना ते कॅमेरे त्यांच्या खात्यातून काढायला लावले, मूळ स्थितीत आणून माझ्या नावे पुन्हा नोंदवले, पासवर्ड बदलले आणि दुहेरी पडताळणी चालू केली. ज्यांनी दुकानाकडून कॅमेरे बसवून घेतले आहेत त्यांनी ॲपमध्ये मालकाचे खाते कोणाचे आहे, हे आजच पाहावे अशी माझी कळकळीची विनंती आहे. केंद्र सरकारने सीसीटीव्ही कॅमेऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी सक्तीच्या चाचणीचे नियम एप्रिल २०२४ मध्ये अधिसूचित केले आणि एप्रिल २०२५ पासून ते लागू झाले, त्यामुळे तिसरा कॅमेरा घेताना मी ते प्रमाणन पाहून घेतले. पण खाते दुसऱ्याच्या नावावर असेल तर चाचणी झालेला कॅमेराही आपला राहत नाही.

आईच्या संमतीचा विषय मी शेवटी लिहीत असले तरी तो सर्वांत आधी विचारायला हवा होता. पहिल्या दिवशी मी न कळवता बोलले तेव्हा ती दचकली, हातातली वाटी पडली. घरात कोणी नसताना भिंतीतून आवाज यावा हे कोणालाही सोसणारे नाही, मग तो आवाज मुलीचा का असेना. आता आमची पद्धत ठरली आहे. मी आधी होम असिस्टंटमधून एक छोटी घंटा वाजवते, पाच सेकंद थांबते आणि मग बोलते. तिसऱ्या कॅमेऱ्याला भिंग झाकण्याची सोय आहे आणि ते झाकले की माइकही बंद होतो, हे आम्ही दोघींनी मिळून तपासले. दुपारच्या झोपेच्या वेळी आणि कोणी पाहुणे आले की ती ते झाकते. कामाला येणाऱ्या मावशींना आम्ही कॅमेरा दाखवला आणि त्यातून बोलून ऐकवले. मावशींनी तेव्हा विचारले, की त्या आणि आई बोलत बसतात ते साठवले जाते का. प्रश्न रास्त होता. मी माजघरातले ध्वनिमुद्रण बंद केले, बोलणे चालू असतानाच आवाज जातो-येतो, मेमरी कार्डावर काही राहत नाही.

पहिला कॅमेरा केवळ पाहण्यासाठीही मी कोणाला घ्यायला सांगणार नाही, कारण त्याच किमतीत दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बोलू देणारे आता मिळतात. फाटकाचा कॅमेरा पाहण्यासाठी चांगला आहे. त्याला स्पीकर जोडायची वायरच नसल्यामुळे तिथे बोलायचे तर कॅमेराच बदलावा लागेल, आणि ऑडिओ-आउट असलेला घेतला तरी त्यातून निघणारा आवाज इतका क्षीण असतो की मध्ये ॲम्प्लिफायर लागतोच. तो खर्च मी दिवाळीनंतर करणार आहे. तिसरा कॅमेरा, थोडी मेहनत घ्यायची तयारी असेल तर, निःशंकपणे घ्यावा. तसाच एक मी स्वयंपाकघरासाठीही आणला होता. आईने तो पाहिला आणि म्हणाली, “तिथे नको गं, तिथं मी एकटी बरी.” तो खोक्यातच आहे आणि पुढच्या फेरीत मी तो परत पुण्याला आणणार आहे.